पिल्लाला खीर कोणी घातली

दारव्हा,
मे १९६२

प्रिय नलू,

सप्रेम जयभीम. ओसरीवर बसून लिहिते आहे आणि माझ्या हातांना फिनाइलचा वास येतो आहे. शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी ठरवलं होतं की यंदा दुपारी सुखानं लोळायचं, आणि कुरडया घालताना आईच्या हाताखाली जेवढं राबावं लागेल तेवढंच राबायचं. त्याऐवजी अर्धा वैशाख मी एका कुत्र्याच्या पिल्लामागे फडकं घेऊन धावले. हो, कुत्र्याच्याच. आपल्या घरात. आणि ते बाबांनी आणलं. तुझा विश्वास बसणार नाही म्हणून पहिल्यांदा हेच लिहून टाकलं. तू तिकडे मजेत आहेस असं प्रत्येक पत्रात लिहितेस, त्याबद्दलही मला बोलायचं आहे, पण ते शेवटी.

तुला आठवतं ना, कुत्र्यासाठी तू किती रडलीस ते? फ्रॉकमध्ये लपवून पिल्लं आणायचीस आणि बाबा ती कानाला धरून, म्हणजे तुझ्या कानाला धरून, परत सोडायला लावायचे. "माणसाइले भाकर पुरत नाही अन् कुत्रं कायले पाह्यजे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा तू दिवसभर जेवली नाहीस, तरी ते बधले नाहीत. आणि आता माघात तुझं लग्न होऊन तू पांढरकवड्याला गेलीस, हट्ट करणारं कोणी उरलं नाही, तेव्हा हे गृहस्थ भर उन्हात बंजाऱ्यांच्या तांड्यावर जातात काय आणि उपरण्याच्या झोळीत पिल्लू घालून घरी येतात काय! आईनं विचारलं, हे कायले? तर म्हणाले, राखणीले. आई म्हणाली, "काय राखाचं राह्यलं आता आपल्या घरात?" त्यावर बाबा पाणी प्यायला गेले.

पिल्लू डोंगरसिंगांकडचं. जिनात कापसाच्या गाड्या घेऊन यायचे ते, गालफुगे, मोठ्या पगडीचे, ज्यांच्याशी बाबा वजनकाट्यापाशी तासन्‌तास बोलत बसायचे. त्यांच्या तांड्यावरची कुत्री तू पाहिली आहेस, उंच पायांची, पोट खपाटीला गेलेली. हे त्यातलंच, रंगानं मातीसारखं, कान पडलेले, पाय शरीराच्या मानानं नको तेवढे लांब. डोंगरसिंगांनी पिल्लासोबत गोणपाटाचा एक तुकडा दिला होता, पिल्लाची आई ज्याच्यावर निजायची तो. हा त्याच्या अंगाखाली टाका म्हणजे रडणार नाही, असं सांगितलं होतं. बाबांनी तुकडा आणला आणि निरोप तांड्यावरच विसरून आले. आईला तू ओळखतेस. तिनं तो चिमट्यात धरून उचलला, सोडा घालून उकळला, दगडावर आपटला आणि पांढराशुभ्र करून वाळत टाकला. पिल्लानं त्याला एकदा हुंगलं आणि जे रडायला लागलं ते झोप लागेपर्यंत थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. वस्तीत हा सण अजून नवा आहे आणि नव्या सणाला कोणाचा हात आखडत नाही. सकाळी झेंड्यापाशी वंदना झाली, मग बाबांनी भाषण केलं, आणि नेमकं यंदाच भाषणात सांगितलं की प्राणिमात्रांवर दया करा. घरोघर खिरीचे गंज चुलीवर होते. आता दया करायला वस्तीत नवीन जीव कोणता होता? शेळ्या होत्या, पण शेळ्यांवर दया करायची कोणाला सवय नाही. पंचफुलाकाकूंनी वाटीभर खीर घातली. त्यांच्या पलीकडच्या घरानं घातली. त्याच्याही पलीकडच्यांनी पिल्लू उचलून आपल्या घरी नेऊन घातली. म्हशीचं घट्ट दूध, गूळ, वर खोबऱ्याचा कीस. आणि ते हावरट कोणालाच नाही म्हणेना. संध्याकाळी त्याचं पोट नगाऱ्यासारखं टणटणीत झालं होतं आणि बाबा ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होते, एका दिवसात अंगी लागलं पाहा म्हणून.

अंगी लागलेलं सगळं दुसऱ्या दिवशी बाहेर आलं. कुठे कुठे ते ऐक. ओसरीवर, चुलीपुढे, कुरडया वाळत घातलेल्या धोतरावर, आणि बाबांच्या त्या पांढऱ्या सदऱ्यावर, जो ते फक्त सभेला घालतात. आईनं कुरडयांचा अख्खा घाणा फेकला आणि त्या दिवशी ती माझ्याशीही बोलली नाही, जणू पिल्लू मीच आणलं होतं. मी घरोघर विचारत फिरले, पिल्लाला खीर कोणी घातली? मास्तरीण चौकशीला आली म्हटल्यावर सगळे साळसूद. "आमी त बोटभर चाटवली बाई." बोटभर, बोटभर करता गंजभर झाली होती.

मग औषधं सुरू झाली, आणि औषधं खिरीपेक्षा वाईट. कोणी ओवा चावून घाला म्हणे, कोणी जायफळ उगाळा, कोणी डाळिंबाची साल. पंचफुलाकाकूंनी तर नजर लागली म्हणून त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधला. बाबा बाहेरून आले, त्यांनी तो दोरा पाहिला आणि पिल्लू काखेत घेऊन तिथंच उभ्या उभ्या व्याख्यान दिलं, की दीक्षा घेतली त्या दिवशीच आपण गंडेदोरे सोडले, आता माणसानं सोडले अन् कुत्र्यानं बांधावे का? व्याख्यान संपेस्तोवर त्यांची काख भिजली होती. मी शेवटी सगळ्यांना हाकललं. बेलाचा गर पाण्यात कोळून आणि भाताची पातळ पेज, एवढंच द्यायचं ठरवलं. तर पाठ फिरली की बाबा चोरून दूध पाजतात! पकडलं तर म्हणतात, "भुकीनं मरन नं ते." मी इतकी चिडले की त्यांना शाळेतल्या पोरांसारखं कोपऱ्यात उभं करायचं तेवढं बाकी ठेवलं.

बाबांचं सोडणं-धरणं असंच आहे, नलू. सोडलं की मुळासकट सोडतात. यंदा अक्षयतीज गेली ती अशीच. पितरांना जेवू घालणं नाही, घागर भरणं नाही, ते मलाही पटलं. पण त्या दिवसात लेकींना आणायला जो मुऱ्हाळी जातो, तोही बाबांनी त्याच गाठोड्यात बांधून टाकून दिला. आपला तो सणच नाही, मंग मुऱ्हाळी कायचा, असं म्हणाले. मी भांडले. सण सोडा, लेक कशी सोडता, असं तोंडावर म्हटलं. आई भांडली नाही, ती फक्त त्या दिवशी जेवली नाही. आणि तू शहाणी, तू लगेच लिहिलंस की न्यायला नाही आलात तरी चालेल, इथं सगळे माया करतात, मी मजेत आहे. बाबांनी ते पत्र आम्हाला दोनदा वाचून दाखवलं.

मग देवरावकाका आले. हैदराबादच्या सडकेनं ट्रक घेऊन जाताना ते तुला भेटून आले होते. तुझ्या सासरच्यांना त्यांनी नावं ठेवली नाहीत, हे आधी सांगते. "माणसं लय चांगले हायेत," म्हणाले, "जो तो तिले खाऊ घालते, नवी सून म्हणून घरोघर जेवाले बलावते. पण पोरीच्या पोटात काही ठरत नाही. बांगड्या कोपरालोक जाते तिच्या." बाबांनी ऐकून घेतलं. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी ते तांड्यावर गेले आणि पिल्लू घेऊन आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं.

पिल्लू खंगत चाललं. पेज घातली तरी मान उचलेना, बरगड्या मोजून घ्याव्या अशा दिसायला लागल्या, डोळे आत गेले. अंग उन्हात ठेवलेल्या चिंधीसारखं लुळं. मी रागावणं सोडून दिलं, कारण रागवायला समोर काही उरलंच नव्हतं. तेव्हा आई उठली आणि खुंटीवरचा तुझा निळा परकर काढून तिनं त्याच्या अंगाखाली टाकला. नलू, आई अंगणातले दगडसुद्धा धुते, पण तो परकर माघापासून तिनं पाण्यात घातला नव्हता. मी आणि ती त्याबद्दल कधी एक शब्द बोललो नव्हतो. पिल्लू त्यात नाक खुपसून पडून राहिलं. मला तिथं उभं राहवेना म्हणून मी मागे जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा.

आणि अशात बाजाराच्या दिवशी दारात डोंगरसिंग. बाबा तांड्यावर विसरून आलेल्या निरोपाचा उरलेला भाग हा होता, की मी पाहायला येईन. पिल्लू कोणालाही दिलं तरी ते एकदा तरी जाऊन पाहतातच. बाबांनी त्यांना ओसरीवरून पाहिलं आणि मागच्या दारी जाऊन विनाकारण खुंटा ठोकत बसले. मी त्यांना ओढून आणलं. मला वाटलं, आता डोंगरसिंग आपली लाज काढणार, एवढं देखणं जनावर आणि काय करून ठेवलं म्हणणार. ते तर खाली बसले, तोंडानं चुचकारलं, आणि इतके दिवस मान न उचलणारं ते पिल्लू परकरावरून सरपटत गेलं आणि त्यांच्या धोतराच्या सोग्यात शिरलं. शेपूट हलली. मी सगळी पेज आणि सगळा बेल पाजला, पण माझ्यासाठी कधी हलली नव्हती, हेही लिहून ठेवते.

डोंगरसिंग म्हणाले, "याले नेतो मी. मायजवळ राहीन काही रोज, आंग धरन, मंग आणून देतो." बाबांना ते झोंबलं. दिलेलं वापस कसं नेता, लोक माझं नाव घेऊन म्हणतील, श्रावणले एक पिल्लू सांभाळता आलं नाही, असं काहीबाही बोलायला लागले. डोंगरसिंग हसले. "देल्लं म्हंजे फेकलं का, बाप्पा? लेकबी त देतेच माणूस. मंग तिले नाही आणत का माहेरी? पाणी बदललं का जीव बावरते." त्यांना आपल्या घरातलं काही ठाऊक नव्हतं, ते पिल्लाबद्दलच बोलत होते. पण दारात आई उभी होती. ती म्हणाली, "यायनं नाही आणली." एवढंच. आणि आत गेली.

बाबांनी उपरणं खांद्यावरून काढलं, पुन्हा टाकलं, पुन्हा काढलं. मग त्याच उपरण्यात त्यांनी पिल्लू ठेवलं, खाली तुझा परकर घातला, आणि स्वतःच्या हातानं गाठ मारून डोंगरसिंगांकडे दिलं. मी परकराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई आतूनच म्हणाली, "राहू द्या. नलू आली का तवाच आणा दोन्ही." डोंगरसिंग वळून गेले. तेव्हापासून मी दोनदा रिकाम्या ओसरीवर फिनाइल टाकलं आहे, सवयीनं.

तर आता ऐक, हे सगळं कशासाठी लिहिलं. सोमवारच्या गाडीनं बाबा यवतमाळवरून तुझ्याकडे येताहेत. मुऱ्हाळी हा शब्द ते तोंडातून काढणार नाहीत. यवतमाळला काम होतं, सहज आलो म्हणतील, तुझ्या सासऱ्यांशी समाजाबद्दल तासभर बोलतील, आणि निघता निघता, जणू आत्ताच सुचलं, असं म्हणतील की नलूला नेतो थोडे दिवस. तेव्हा हसू नकोस आणि रडूही नकोस. आणि मी मजेत आहे, असं तर अजिबात म्हणू नकोस, नाहीतर ते तेवढंच ऐकून परत येतील. तुझ्या धर्मपालरावांना मी वेगळं कार्ड टाकलं आहे, सासूबाईंचा काही दोष नाही, पोरीचं पाणी बदललं आहे, बरी झाली की आम्हीच आणून सोडू, असं लिहिलं आहे. तुझं सामान बांधून ठेव. इथं आलीस की पेज, ताक आणि आईच्या हातची भाकरी, दुसरं काही मिळणार नाही. वस्तीला ताकीद देऊन झाली आहे, तरी पंचफुलाकाकू आत्ताच येऊन विचारून गेल्या की नलूसाठी थोडी खीर केली तर चालन का. त्यांना मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. आणि हो, पिल्लाला अजून नाव नाही. मी इतके दिवस त्याला नुसतं हाड्‌हाड्‌ म्हणत होते. काल बाबांना विचारलं, काय नाव ठेवायचं? ते सदऱ्याची बटणं लावत होते, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी कायले ठेवू? जिचं कुत्रं हाये ते येईन अन् ठेवीन."

तुझीच,
वैतागलेली ताई