काथ्याची खुर्ची

२ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

खुर्ची टेम्पोने पाठवली आहे. फोम नाही, चिकटवायचं सोल्यूशन नाही. लाकूड जुन्या दारांचं, आत काथ्या, वर लोकर, त्यावर हातमागाचं सुती कापड. तू बनवतोस ते फोमचे सोफे जमिनीत पुरले तर तुझ्या पणतवंडांना जसेच्या तसे सापडतील. हिची माती होईल.

बाबांचा नियम तुला पाठ आहे: महिनाभर बसल्याशिवाय बैठक पास करायची नाही. चाळीस वर्षं गादीकाम केलेला माणूस आता दिवसभर बसूनच असतो, तर हिच्यावर बसव. खाली उशी नको. एक वृद्धाश्रम चाळीस खुर्च्या मागतो आहे, पण त्याआधी मला बाबांचा एक शब्द हवा आहे. आजवर मिळालेला नाही.

तब्येतीला जप. वहिनीला सांग, तिची आठवण काढते.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस, साष्टांग नमस्कार वि. वि.

खुर्ची चार तारखेला पोचली. बाबांनी ती उलटी करायला लावून खालचं तरट चाचपलं, वास घेतला आणि बसले. एकही खोट काढली नाही. मला वाटलं, जिंकलीस.

काल पायजम्याला रक्ताचे ठिपके दिसले. लोकरीतून काथ्याची टोकं वर येतायत. त्यांच्या अंगावर मांस उरलेलं नाही, आणि आपणहून उठणं पायांना जमत नाही. मी फोमचा तुकडा खाली सरकवला. तो त्यांनी माझ्याच अंगावर फेकला. म्हणाले, माल तिचा तपासतोय, तुझा नाही.

तू लिहिलंस तर ऐकतील. उलट टपाली लिही.
तुझा धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

काथ्या नीट पिंजलेला आहे, टोचत नाही. म्हातारी कातडी कशानेही फाटते.

लहानपणी तुझी बैठक बिघडली की बाबा ती तुझ्यासमोर उसवायचे आणि पुन्हा भरायला लावायचे. एक खुर्ची बारा वेळा उसवली होती, मी मोजलं होतं. मी एकदा सुई उचलली, तर हातातून काढून घेतली आणि केर काढायला सांगितलं. तुझं नशीब, तुझ्यावर ओरडले तरी.

सतरा दिवस राहिलेत. बसू दे.
ताई

४ एप्रिल

ती. ताईस, नमस्कार.

काल महिना झाला. बाबा पालथे आहेत. जखम हाडाला लागली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता भरून येणार नाही. तुझं पत्र मी त्यांना पूर्ण वाचून दाखवलं होतं. त्यानंतर मीही उशी पुढे केली नाही.

निकाल असा. काथ्या आणि लोकर यांच्यामध्ये कापसाचा थर घालायचा राहिलाय. त्यांना पहिल्या दिवशी टेकताच कळलं होतं. मग बसलात कशाला, असं विचारलं, तर म्हणाले, उठलो असतो तर ती म्हणाली असती, महिना दिला नाही.

मी नापास लिहिलं. ते त्यांनी खोडायला लावलं. म्हणाले, "धाकट्याची असती तर उसवली असती. मुलीच्या हाताला एवढं पुष्कळ झालं. लिही, पास."

तेव्हा अभिनंदन. माया आहे तेवढी राहू दे.
धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास,

पत्र पोचलं. त्यातला बाबांचा शेवटचा शब्द, "पास", कापून माहितीपत्रकात छापायला दिला. बाकीचं वाक्य लागणार नाही.

चाळीस खुर्च्यांचं काम घेतलं आहे. कापसाचा थर घालणार नाही. पास झालेल्या नमुन्यात ढवळाढवळ करायची नाही, हेही बाबांचंच. पहिली खेप महिनाअखेरीला जाईल. बसणारे सगळे बाबांच्या वयाचे आहेत.

हे त्यांना वाचून दाखव. ऐकू येत नसेल तर कानाशी जाऊन वाच. त्यांनी मला एकदा "उसव" म्हणावं, चाळीसही उसवेन. तोवर त्यांना जिवंत ठेव.

तुझ्यावर राग नाही.
ताई