कालवा आणि एव्हरिलचा गुडघा

शनिवार, ११ मे. संध्याकाळ.
आठवड्याभरासाठी भाड्याची बोट ताब्यात घेतली. लांबी भरपूर, रुंदी मात्र जेमतेम सात फूट. आत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला मागे सरावं लागतं. आज दर वेळी ग्लेनिस सरली. समजूतदार बायको आहे.

बोटींच्या यार्डातला लेन बराच वेळ शिकवत होता. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, वगैरे. मी सबंध नोकरी जिल्ह्याच्या रहदारी खात्यात काढली. चौक आखले. मला कोणी वळणं शिकवू नयेत. ग्लेनिस मात्र शाळकरी मुलीसारखे प्रश्न विचारत होती, विशेषतः लॉकबद्दल. त्यात काय आहे? कालव्याला चढ आला की बोट दगडी हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, झडपा फिरवून हौद भरायचा, बोट वर आली की पुढच्या दारातून निघायचं. झडपा फिरवायला दोन लोखंडी हँडलं दिली. लेन म्हणाला, साहेब, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण निघताना झडपा खाली आणि दारं बंद, नाहीतर वरचं सगळं पाणी रात्रीतून खाली जातं. म्हटलं, माहीत आहे. ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं.

रेकॉर्डसाठी: ग्लेनिस मार्चपासून नॅन्टविचला बहिणीकडे राहते. एव्हरिलचा गुडघा. मी फेब्रुवारीत रिटायर झालो, घराला शिस्त लावायला घेतली, स्वयंपाकघरातले डबे नव्या पद्धतीने मांडले, त्यांना नंबर दिले, आणि नेमका तेव्हाच तो गुडघा बिघडला. निव्वळ योगायोग.

ही ट्रिप माझी कल्पना. ग्लेनिस एका अटीवर आली. म्हणाली, डेस, या आठवड्यात एकदा, फक्त एकदा, जे तुला ठाऊक नाही त्याला ‘मला माहीत नाही’ म्हण. म्हणालास तर पुढच्या शनिवारी तुझ्याबरोबर घरी येते. म्हणाला नाहीस तर येत नाही. हे तिने हसत सांगितलं नाही.

अट सोपी आहे. अडचण एवढीच की तसा प्रसंग यायला हवा.

संकल्प: रोज सकाळी सहाला प्रस्थान.

रविवार, १२ मे.
साडेदहाला प्रस्थान. कॅप्टनची टोपी सापडत नव्हती. (खास मागवली आहे.) सापडली.

कामाची वाटणी मी केली. सुकाणू माझ्याकडे, चहा आणि दोरखंड तिच्याकडे.

वारा फार. वाऱ्यामुळे बोट काठाला लागली. मग समोरच्या काठाला लागली. मग एका विलोच्या झाडात शिरली आणि टोपी तिथे राहिली. काठावर गळ टाकून बसलेला एकजण म्हणाला, दादा, कालवा सरळ आहे, तुम्हीच का नागमोडी जाताय? या लोकांना वाऱ्यातलं काय कळणार.

बांधलेल्या बोटींजवळून जाताना माणसं आतून बाहेर येऊन ओरडतात, हळू, हळू! मी हात हलवून अभिवादन केलं. ग्लेनिस म्हणाली, ते नमस्कार नाही करत आहेत, डेस, त्यांचा चहा सांडतोय.

दुपारी तिने विचारलं, हा पक्षी कोणता? म्हटलं, बगळा. म्हणाली, बदक आहे. म्हटलं, बगळ्याच्या कुळातलं.

झोपताना लक्षात आलं, हा प्रसंग होता. असो. आठवडा मोठा आहे.

सोमवार, १३ मे.
ग्लेनिसला सुकाणूचं ट्रेनिंग द्यायचं ठरवलं. (दूधवाल्याच्या बॅटरीगाडीएवढ्या हळू चालणाऱ्या एका बोटीने आपल्याला दिलेली धडक याच्याशी त्याचा संबंध नाही.) तिने बोट सरळ नेली. पुलाखालून नेली, भिंतीला न लावता. माझं ट्रेनिंग चांगलं असणार. ती गुणगुणत होती. कोणतं गाणं, विचारलं नाही.

दुपारी ऑडलम गावची लॉकं, एकावर एक. चढत निघालो. बोट ग्लेनिसकडे, झडपा आणि दारं माझ्याकडे. खरी जबाबदारीची बाजू हीच.

आजचं शेवटचं लॉक भरता भरेना. पाणी वरून येतंय आणि कुठेतरी जातंय. कालव्याची देखभाल नीट होत नाही, पत्र लिहिणार आहे. ग्लेनिसने बोटीवरून विचारलं, खालची झडप बंद केलीस का, दोन्ही बाजूंची? म्हटलं, हो, दोन्ही. म्हणाली, पलीकडची बघितलीस? म्हटलं, बघितली. लॉक रिकामं करताना पलीकडे एकदा गेलो होतो; पुन्हा जायला दारावरच्या अरुंद फळीवरून जावं लागतं. पाऊस पडून गेला होता.

शेवटी कसंबसं भरलं. निघताना वरचं दार उघडंच ठेवलं, मागून येणाऱ्याला सोयीचं. रस्त्यावर हेच सौजन्य असतं तर माझ्या त्या चौकावर पेपरात एवढं आलं नसतं.

पुढे दोन लॉकांच्या मधल्या पाण्यात बोट बांधली. शेजारी मिसेस थ्रिप नावाच्या बाई. बारा महिने बोटीवरच राहतात, एक लठ्ठ कुत्रा आणि लोणच्याच्या बरण्यांसकट. मला म्हणाल्या, काय रे राजा, बायको सुकाणूवर आणि तू दारं ढकलतोस? अख्ख्या कालव्यावर पहिला नवरा पाहिला मी असा! मला छान वाटलं. ग्लेनिसही हसली. मला वाटतं शनिवारी येईल.

एक हँडल सापडत नाही. यार्डाने एकच दिलं असावं.

मंगळवार, १४ मे. सकाळ.
जाग आली तेव्हा भिंतीला चिकटलो होतो. बोट कलंडलेली. किटली, बेकन, नकाशा, सगळं एका कोपऱ्यात. बाहेर पाहिलं तर कालवा नाही. चिखल, एक सायकल आणि एक सुपरमार्केटची ट्रॉली. आमची बोट चिखलात, मिसेस थ्रिपची चिखलात, पलीकडच्याही. बरण्या फुटलेल्या. कुत्रा काठावर बसून लोणच्याच्या वासाने शिंकत होता.

सगळे काठावर जमले. मिसेस थ्रिप म्हणाल्या, काल शेवटी वर कोण आलं? सगळे आमच्याकडे बघायला लागले.

ग्लेनिसने मला बाजूला घेतलं नाही. तिथेच, पण हळू आवाजात विचारलं. डेस, ती पलीकडची झडप खाली होती का? मी रागावणार नाही. तुला नक्की माहीत आहे, की माहीत नाही? एवढंच सांग.

आणि थांबली. गाऊनवर माझा रेनकोट घातला होता तिने, केस विस्कटलेले. मला वाटलं, म्हणून टाकावं. ओठापर्यंत आलं होतं. पण समोर एवढी माणसं, सगळी चिखलाच्या बुटांत, सगळी माझ्याकडे बघणारी.

म्हटलं, अर्थात खाली होती. हे टवाळ पोरांचं काम.

मिसेस थ्रिप म्हणाल्या, हो ना, आमच्याकडची पोरं हँडलं उशाशी घेऊन झोपतात.

ग्लेनिस लॉककडे चालत गेली, ती फळी ओलांडून पलीकडे गेली आणि परत आली. हातात हँडल होतं, यार्डाची पिवळी पट्टी लावलेलं. झडपेवरच लटकत होतं म्हणे. तिने ते आमच्या टेबलावर ठेवलं. टेबल तिरकं, म्हणून ते घरंगळत माझ्याकडे आलं.

म्हटलं, पोरांनी चोरलं असणार.

संध्याकाळ.
ग्लेनिस, मिसेस थ्रिप आणि बाकीच्या बायकांनी वरच्या लॉकांतून पाणी सोडून कालवा भरला. मी काठावरून देखरेख केली. बोट तरंगली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

बुधवार, १५ मे.
ग्लेनिस दिवसभर मिसेस थ्रिपकडे. बरण्यांच्या काचा गोळा करायला गेली आणि तिथेच राहिली. मी इथे पोर्कची पेस्ट्री खाल्ली. थंडच.

तिथून तिचं हसणं ऐकू येत होतं. मोठ्याने, मान मागे टाकून हसतात तसं. घरी ती अशी शेवटची कधी हसली, ते आठवेना. आठवेल. दमलोय म्हणून.

भीती वाटते. कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

संकल्प: उद्या नाश्त्याला सांगून टाकणे. वाक्य तयार आहे. तीन शब्दांचं तर आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. शेवटी आवाज प्रश्नार्थक होतो, ते सुधारायला हवं.

गुरुवार, १६ मे.
नाश्त्याला ग्लेनिस कोट घालून बसली होती. दोन बॅगा दाराशी. मी बेकन जास्त तळलं होतं. माझ्या मनात वाक्य होतंच, पण आधी तिने विचारलं, नॅन्टविचची बस कधी असते रे? आणि माझ्या तोंडून निघालं, दर तासाला, बरोब्बर चाळीसाव्या मिनिटाला.

ती म्हणाली, इथून बस दर तासाला नसते, डेस. मी कालच विचारलंय. म्हणूनच एव्हरिल येतेय.

मग म्हणाली, तू वाईट माणूस नाहीस. पण मी तुझ्या शेजारी बसून सदतीस वर्षं रस्ता चुकतेय, आणि तू दर वेळी म्हणतोस की हाच रस्ता आहे.

मी म्हटलं, थांब. ती थांबली. खरंच थांबली. मग मी म्हटलं, निदान छत्री घेऊन जा, पाऊस येणार आहे. आकाश निरभ्र होतं.

एव्हरिल गाडी पुलावर ठेवून काठाने चालत आली. भरभर आली. ग्लेनिसच्या दोन्ही बॅगा उचलल्या, लॉकच्या फळीवरून पलीकडे गेली, मधल्या फटीवरून उडी मारून. मला हात केला. मी केला.

गुडघ्याचं विचारायचं राहून गेलं.

शुक्रवार, १७ मे.
एकट्याने लॉकं उतरणं अवघड नाही, पण यार्डाला फोन केला. लेन आला. आल्या आल्या म्हणाला, दोन्ही हँडलं आहेत ना साहेब? दाखवली. बोट त्याने नेली. मी टेबलापाशी बसलो. आता समोरून कोणी येत नाही, सरावं लागत नाही. जागा पुरेशी आहे.

मधेच खाली वाकून त्याने विचारलं, मॅडम दिसत नाहीत? म्हटलं, बहिणीकडे जावं लागलं. गुडघा.

तो हळहळला. म्हणाला, आमच्या आईचाही बिघडला होता हो. मग, मॅडम येणार कधी परत?

म्हटलं, मला माहीत नाही.