आत्या, तुझं ग्राउंड फ्लोअरचं घर

प्रिय आत्या,

तू गेल्यापासून लिहू लिहू म्हणतोय आणि टाळतोय. कधी पेन नाही, कधी मीच गावात नाही. तुला माझं माहीतच आहे. पण आज इतकी किळस आलीये की तुला नाही तर कुणाला सांगू?

घर मिळालं, आत्या! नारायणगुड्याला आपली बस्ती होती तिथेच सरकारी बिल्डिंग झाली. तुझं घर तुझ्यामागे माझ्या नावावर आलं. ग्राउंड फ्लोअर. बाकीचे कधीचेच राहायला आले, नाव बदलायच्या कागदांत माझी चावी मात्र कालच हातात पडली.

तू मात्र मलकपेठच्या भाड्याच्या खोलीत वाट बघतच गेलीस. गच्चीवरून रेसकोर्सचे घोडे दिसायचे, आठवतं? पांढऱ्याला तू 'साहेब' म्हणायचीस. जाऊ दे, कुठे निघालो मी!

बस्ती पाडायच्या आधीची ती मीटिंग. सगळे म्हणाले, मजल्यांसाठी चिठ्ठ्या टाकू. तू ताडकन उठलीस. "चिठ्ठीला गुडघे असतात का रे? म्हातारे, लंगडे खाली. पाय आहेत ते वर!" सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यात आधी कुणाचा? बस्तीचा पुढारी, आपला यादगिरी अण्णा!

त्याच अण्णानं खालची घरं एकेक करून गिळली गं. भिंती फोडून शटर बसवले. एकात चिकनचं दुकान, जिन्यात पिसं. लिफ्ट कधीच बंद पडली, तिच्यात आता लोक पान खाऊन थुंकतात. आणि हात वर करणारे तेच सगळे त्याच दुकानातून कोंबडी नेतात. शी!

तुझी शेजारीण लक्ष्मम्मा, जिच्या गुडघ्यांसाठी तू भांडलीस, ती कुठे आहे माहितीये? सातव्या मजल्यावर! तिचंही खालचं घर अण्णानंच गिळलं. राहायला गेली ती परत खाली उतरलीच नाही. दोरीला पिशवी बांधून सोडते आणि भाजी वर ओढते, विहिरीतून पाणी शेंदावं तशी.

तुमचं ते भांडण! ती म्हणायची, तुझ्या नव्या घरात पहिलं दूध मीच उतू घालवणार. तू म्हणायचीस, आमच्यात बुद्धवंदना असते, दूध कशाला सांडायचं? शेवटी ठरलं, आधी वंदना, मग दूध. एवढं ठरवून गेलीस कशी गं?

सकाळी अण्णा आला. "तेरेको घर कायकू रे? आज इधर, कल नामपल्ली टेसन! मेरेको दे, टिफिन सेंटर डालतूं."

खरं सांगू? माझी मान हलणारच होती. मला चार भिंती कधी मानवल्यात? पण बोलता बोलता तो तुझ्या उंबऱ्यावर पचकन थुंकला.

"नक्को," मी म्हटलं.

"बुढ्ढी गई, जिद छोड़ के गई," असं म्हणून हसत गेला.

मग उंबरा धुतला आणि लिहायला बसलो. आत्या, शब्द देतो. हे घर लक्ष्मम्माचं. मी सातव्यावर जातो, पाय आहेत ना मला! ऑफिसवाले अदलाबदल नाही म्हणाले, तर त्यांच्या दारात बसेन. एका जागी बसायचं मला, बघ!

थांब. दार वाजतंय.

आत्या, लक्ष्मम्मा! सात मजले बसत बसत, एकेक पायरी उतरून आलीये. घामानं निथळतीये, हातात झाकलेलं पातेलं. "मिलिंदा, स्टोव्ह पेटव रा. तुझ्या आत्याला बोलले होते मी."

कुणाच्या घरात दूध उतू घालवायला आलीये, ते तिला अजून माहीत नाही. आधी वंदना घेतो.

तुझा भटक्या,
मिलिंद