दुकान आणि गल्ली, एकाच कागदावर

१७ ऑगस्ट ९७, रविवार

रोल धुतला. एकही फोटो धड नाही. जिथे अण्णांचं दुकान नीट आलंय, कपाटं, साड्यांचे गठ्ठे, गादी, तिथे दाराबाहेरची गल्ली पांढरीफटक. जिथे गल्ली आलीय, तिथे दुकान म्हणजे कोळशाची वखार. डोळ्यांना दोन्ही दिसतं, एकाच वेळी, काही कष्ट न पडता. मग या कॅमेऱ्याला काय धाड भरलीये?

हे म्हणाले, "फ्लॅश मार की." फ्लॅशमध्ये अण्णा पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसतात. मागच्या दिवाळीचा पुरावा अल्बममध्ये आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

आज जेवताना अण्णांनी सांगून टाकलं. जागेचा मालक दुकान पाडून तिथे चार मजली कॉम्प्लेक्स बांधतोय. "दसऱ्याची पूजा करू, किल्ली देऊ. सरी." त्यांचं सरी म्हणजे विषय संपला, ताक वाढा.

आजोबांनंतर दुकानात अण्णाच. म्हणायला माझे वडील, पण बंगळुरातलं सगळं चिकपेट, अख्खी कापडबाजारपेठ, त्यांना अण्णाच म्हणते, त्यामुळे लहानपणी मला ते थोडे कमीच मिळाले असं वाटायचं. शाळा सुटली की मी दुकानात. गादीमागे गठ्ठ्यांवर पालथी पडून गृहपाठ. नव्या कापडाच्या खळीचा वास. समोर अण्णांची पाठ, तिच्यापलीकडे दार, दाराबाहेर उन्हातली गल्ली: भांड्यांचं दुकान, हमाल, फुलवाली. आत गार आणि काळोखी, बाहेर चकचकीत.

मला तेच हवंय. त्या गठ्ठ्यांवरून दिसायचं तसं, आतलं-बाहेरचं दोन्ही, मधे अण्णा. दसऱ्याच्या आत. त्यानंतर ती जागाच नसणार.

२४ ऑगस्ट, रविवार

कॅमेरा क्लबात मूर्तींना विचारलं. म्हणाले, एका फोटोत होणारच नाही, फिल्मचा तेवढा आवाका नाही. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवायचा. एक फोटो आतल्या अंधारासाठी, चांगला दोन-तीन सेकंदांचा. लगेच दुसरा बाहेरच्या उन्हासाठी, झटकन. मग छापताना एकाच कागदावर पाळीपाळीनं दोन्ही निगेटिव्ह. आतलं छापताना दार झाकायचं, बाहेरचं छापताना दार सोडून सगळं. मूर्तींनी बोटानं हवेत दार काढून दाखवलं. "सिंपल."

सिंपल म्हणणाऱ्या माणसाच्या घरी वेगळी डार्करूम आहे. माझ्या घरी न्हाणीघर आहे.

७ सप्टेंबर, रविवार

सराव म्हणून स्वयंपाकघराची खिडकी. दुपारी न्हाणीघराच्या झरोक्याला कांबळं, लाल बल्ब, बादलीवर फळी, फळीवर ट्रे. काळ्या पुठ्ठ्याचं खिडकीएवढं झाकण कापलं. पहिल्या प्रिंटमध्ये खिडकीला दोन चौकटी. दुसऱ्यात चौकट एकच, पण बाहेरचा शेवगा भिंतीवर चढलेला.

बाहेरून हे: "मला आंघोळ करायचीय, आज की उद्या?"

पाचवा कागद. द्रावणात हळूहळू ओट्यावरचे डबे उमटले, मग त्यांच्यामागे शेवगा, पानं न् पानं. दोन्ही! मी अंधारात एकटीच मोठ्यानं हसले. बाहेर ह्यांना वाटलं मी घसरून पडले.

१३ सप्टेंबर, शनिवार

दुकानात पहिला प्रयत्न. गठ्ठ्यांवर आता मी मावत नाही, तिवई मावली.

अण्णा बसतील तर शपथ. उंबऱ्याशी कुणी आलं की उठलेच. "बन्नी अम्मा, बन्नी," या बाई, या. तीन सेकंदांच्या फोटोत अण्णांचा धूर.

"अण्णा, स्वल्प बसा ना."
"गिऱ्हाईक उभं आणि मी बसू?"

आणि उठले की ते तिथेच थांबत नाहीत. साडी घेऊन थेट दारात. हे लहानपणापासून बघतेय, तेव्हा त्यात काही वाटायचं नाही. आत ट्यूबलाइट असूनही अण्णा प्रत्येक साडी उन्हात नेऊन दाखवतात. पदर हातावर पसरून, "बेळकल्लि नोडी अम्मा," उजेडात बघा. गिऱ्हाइकानं नको म्हटलं तरी. "ट्यूबखाली विकलेली साडी दुसऱ्या दिवशी परत येते," म्हणतात. आत मोरपंखी वाटलेली बाहेर भलतीच निघते.

अख्खा रोल धुरात गेला.

२७ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष. साड्या कोण घेतंय. गिऱ्हाईक नाही म्हणून मुद्दाम आज गेले, आज तरी अण्णा बसतील.

बसले. अकरा वाजेपर्यंत गल्लीत झकास ऊन. हात मांडीवर, नजर बाहेर. हलले नाहीत की बोलले नाहीत. मी बटणाची केबल हातात धरून उभी. भिंगातून बघत होते आणि मला ते एकदम म्हातारे दिसले. चौऱ्याहत्तर म्हणजे म्हातारेच, पण मला आजवर तसे दिसले नव्हते. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बटण दाबलंच नाही. शेजारून दोन कॉफ्या मागवल्या आणि दोघं गप्पा मारत बसलो. आईच्या. तिनं दुकानातली एकही साडी कधी स्वतः निवडली नाही, अण्णा दारात धरतील ती, यावर दोघंही हसलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

रजा टाकली. नवरात्र, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. आज नाही तर नाहीच. उद्या पूजा, परवा दसरा.

अण्णांकडून वचन घेतलं. "फक्त दोन फोटो. दहा मोजेपर्यंत बसायचं. कुणीही येवो."
"सरी सरी."

दहाच्या सुमाराला ऊन समोरच्या भांड्यांवर आलं. "अण्णा, आता." ते बसले, उशीला टेकून, अगदी माझ्या लहानपणचे. आतला फोटो: एक, दोन, तीन. मग मान खाली घालून फिल्म पुढे घेतली, चाकतीवर शटरचा वेग बदलला, तिवई हलेल म्हणून भिंगाला डोळाही लावला नाही, केबल दाबली. बाहेरचा फोटो. झालं!

मान वर केली तर अण्णा गादीवर नव्हते. पण मी जिंकल्याच्या आनंदात. उठले असतील नंतर.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल संध्याकाळी किल्ली दिली. उरलेला माल शेजारच्या दुकानदारानं आधीच उचलला होता. रिकाम्या कपाटांना झेंडूची तोरणं. अण्णांनी फक्त लोखंडी गज घरी आणला, कापड मोजायचा. इंदिरानगरला घरी येईपर्यंत रिक्षात तो मांडीवर आडवा धरून बसले होते.

रोल धुवायची आज हिंमत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

धुतला. निगेटिव्ह दोन्ही सुरेख. दाराच्या आकाराचं झाकण तासभर घासून बसवलं. दोन्ही निगेटिव्ह एकावर एक बरोबर लागली, उंबरा एकच आला, भांडी चकाकतायत, कपाटातल्या साड्यांच्या घड्या मोजता येतील. गादीवर अण्णा.

आणि दारात अण्णा.

पाठमोरे, थोडे वाकलेले, हातावर पदर, समोर एक बाई मान तिरकी करून रंग बघतेय. मी चाकती फिरवत होते तेवढ्यात उठले होते तर. वचन दिलेलं, कबूल केलेलं, दहा मोजेपर्यंत! ट्रेमध्ये बोटं बुडवून मी कितीतरी वेळ तशीच बसले. रागावू की काय करू. एका दुकानात दोन अण्णा.

ह्यांनी फोटो निरखून पाहिला. "जुळे?" मग माझं तोंड बघून चहा करायला गेले.

परत काढता येणार नाही. शुक्रवारी तिकडून गेले होते. पत्रे ठोकलेत.

२२ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिस सुटल्यावर कोरमंगलाला लीलाकडे. कॉलेजातली मैत्रीण, डीटीपीचं दुकान टाकलंय तिनं, लग्नपत्रिका वगैरे छापते. फोटो स्कॅन केला, पडद्यावर मोठा केला. काँप्युटरवर अख्खा माणूस पुसता येतो म्हणे! मागचं कापड, भिंत, इकडून तिकडून आणून भरतात. "गादीवरचे काढू की दारातले? सांग, अर्ध्या तासाचं काम."

गादीवरचे काढले तर माझे लहानपणचे अण्णा गेले. ज्यांच्या पाठीमागे बसून मी पाढे पाठ केले ते. दारातले काढले तर ती बाई कुणाशी बोलतेय? आणि अण्णा जे काम करत आले तेच जातं.

"सोमवारी सांगते," म्हटलं.

घरी अण्णा रोज नऊला कोट घालून तयार होतात. मग बाहेरच्या खोलीत बसतात. आज कोट काढताना म्हणाले, "उद्यापासून नको घालायला." आणि मग, "बघू."

२६ ऑक्टोबर, रविवार

शेवटी त्यांनाच विचारायचं ठरवलं. इतके दिवस फोटो दाखवला नव्हता, वाटलं दुखावतील. सकाळी कॉफी झाल्यावर समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. मग सवयीनं उठले, फोटो घेऊन दारात गेले, उजेडात तिरका धरून बघायला लागले. मी मागे उभी.

"आत एवढा उजेड कधी होता गं?"
"नव्हता. मी आणलाय."
"हूं. एवढा असता तर मला उठायला लागलं नसतं."

मग दोघंही दिसले त्यांना. एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मी सांगितलं, लीला एकाला पुसून टाकू शकते, कुणाला ते तुम्ही सांगा.

हसले. किती दिवसांनी हसले. "पुसायचं कशाला? राहू दे दोघं. एकाला दुकानात ठेव. दुसरा येतो घरी."

फोटो माझ्या हातात दिला आणि आत गेले. मला रडू आलं, लपवलं नाही.

दुपारी त्यांच्या खोलीत डोकावले. कोट खुर्चीवर होता, अण्णा पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होते. चहा हवा का विचारलं, ऐकू गेलं नाही. घरी आलेला तो कुठला, गादीवरचा की दारातला, हे मात्र मी विचारलं नाही. उद्या लीलाला फोन करायचाय, कुणालाच पुसू नको म्हणून.