हलिमाबीची सनद

देरा, मंगळवार

शौकतभाई,

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून मला काढलंत ते काढलंत, पण भिंतीवरची फ्रेम कशाला उतरवलीत? भाभी बोलली म्हणून कळलं. तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून आखातातून सुट्टीवर गावी निघालेल्या अलीमियाँच्या हाती हा कागद देते आहे. फाडायचा तर वाचून फाडा.

सलाम राहिला, तो घ्या. आम्ही इथे खुशाल. मोईन वेळेवर कामाला जातात, माझे गुडघे होते तसेच आहेत. तुमची शुगर कशी आहे? (पाहुण्यांच्या निमित्ताने तुम्ही खीर दोनदा घेतलीत, तेही कळलं.)

तर फ्रेम. तुमच्या झाराला बघायला आलेल्या लोकांपुढे ती हातात धरून फोटो तुम्हीच काढवलात आणि ग्रुपवर टाकलात, की आमच्या पणजोबांना इंग्रज कप्तानाने दिलेली ही सनद. माझी नबिला तेव्हा जेवत होती. तिने फोटो मोठा केला आणि घास तसाच ठेवला. म्हणाली, "अम्मी, धिस इज अ स्कूल सर्टिफिकेट. पणजोबांचं नाही, कुणा हलिमाबीचं आहे."

मी तिला तीनदा वाचायला लावलं. सन अठराशे शहाण्णव, मुलींची शाळा. वाचन चांगलं, हिशेब बरा, शिवणकाम उत्तम. खाली सही मास्तरीणबाईची. पणजोबा बोटीवर होते हे खरं, पण या कागदावर ते कुठेच नाहीत, आणि कप्तान तर नाहीच नाही. जुन्यांना इंग्रजी येत नव्हतं, पोरांनी उंचावरची फ्रेम कधी वाचली नाही, शिक्का मोठा होता, म्हणून चार पिढ्या आपले मर्द हलिमाबी पणजीच्या मार्कांखाली छाती काढून बसले. मी एवढंच ग्रुपवर बोलले. त्यात खोटं काय?

तुम्ही म्हणालात, दुसरी कुणी हलिमा असेल. मग ऐका. माझ्या लग्नात अम्माने मर्दांची वस्तू म्हणून फ्रेम तुमच्याकडे ठेवली आणि बायकांची म्हणून पणजीचा भरतकामाचा तुकडा मला दिला. मी तीस वर्षं त्याने शिलाई मशीन झाकलं (माझी चूक, कबूल). परवा खिडकीत धरला. दुसुती कापडावर लाल दोऱ्याचे फुलीचे टाके, वर इंग्रजी अक्षरं, मध्ये पोपट, खाली पणजीचं नाव आणि तेच साल, नबिलाने वाचून दाखवलं. उलटून बघितलं, भाई. मागे एक गाठ दिसत नाही. मी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, मला असं जमलं नाही.

चौथीनंतर अब्बांनी मला घरी बसवलं, ते याच फ्रेमखाली उभं करून. म्हणाले, आपल्या घरात बाया शिकत नाहीत. तुम्ही बाजूला होतात. तेव्हा तुम्हालाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी काही धरून बसले नाही. आता ठाऊक आहे. फ्रेम परत लावा.

तुमची बहीण,
मरियमबी

ता. क. फ्रेम नाही लावलीत तरी चालेल. झाराला कॉलेजातून काढू नका. शेवटचं वर्ष आहे. फॉर्म भाभीकडे भरून पडलाय, तुमची सही राहिली आहे आणि शनिवारी मुदत संपते.

आणखी एक. मुलाकडचे वर्षभर थांबायला तयार आहेत. भाभीने विचारलं. तुम्ही विचारलंच नव्हतं. सही करणार नसाल तर ते मला कळवू नका, आधी झाराला समोर बसवून सांगा, आणि ती काय म्हणाली ते शुक्रवारच्या नमाजाला जाण्याआधी मला कळवा.