कामाला लागली की पळतं

माय, मी जळगावला नवीन डॉक्टरकडे गेले होते आणि तू खोटी ठरलीस. हे आधी सांगते, मग बाकीचं. तू असतीस तर मधेच बोलून माझं तोंड बंद केलं असतंस. आता तुला बोलता येत नाही, आणि खरं सांगू, मला त्याचं वाईट वाटत नाही. तू गेल्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुझ्याशी बोलावंसं वाटलं, तेही भांडायलाच.

अमळनेरचं आपलं स्वयंपाकघर आठव. मी कॉलेजात जायला लागले तेव्हाची गोष्ट. पहाटे जाग येते ती दुखण्यानेच. कंबरेपासून मानेपर्यंत पाठीची फळी झालेली असते, कूस बदलायची तर खाटेचा काठ धरावा लागतो. तू येतेस, गोधडी ओढतेस. थंडीत एकदा तू माझ्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलंस, धाकट्या भावासमोर, आणि तो हसला. मी भिंत धरत चुलीपुढे येऊन बसते. परात ओढते, कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ मळते, भाकरी थापते. थापता थापता अंग सुटायला लागतं. थोड्या वेळाने मी सरळ बसलेली असते, आणि तू तव्यावरून नजर न काढता म्हणतेस, "देख, कामले लागनी का बठ्ठं दुखनं पयी जास. हाई दुखनं नही शे, आयस शे." दुखणं खरंच पळालेलं असायचं. सुट्टीच्या दुपारी जरा पडलं की परत यायचं. माझ्याच पाठीने तुझ्या बाजूने साक्ष दिली, आणि मीही स्वतःला आळशी समजायला लागले.

तेवढ्यावर थांबली असतीस तर मी गिळलं असतं. पण पाठवणीच्या वेळी, गाडीपाशी, तू माझ्या सासूचे हात हातात घेतलेस. मला वाटलं, म्हणशील, पोरीला सांभाळा. रडलीसही. आणि म्हणालीस, "विहीणबाई, पोर गुनी शे, पन पहाटे उठाले रडस. कामले लावा, दुखनं पयी जास." लोक आंदणात भांडी देतात, तू हे वाक्य दिलंस. भांडी केव्हाच मोडीत गेली, वाक्य सासरी, धुळ्याच्या घरात रोज वापरात राहिलं. बाळंतपणानंतर मला उठता येईना तेव्हा सासूने ते म्हटलं, मग नवऱ्याने म्हटलं. धुळ्याच्या आमच्या डॉक्टरांनाही घरच्यांनी तेच सांगितलं. ते दुखण्याची गोळी द्यायचे आणि हसून म्हणायचे, वहिनी, काम चालू ठेवा. पुढे माझी मान वळेनाशी झाली. कुणी हाक मारली की सगळं अंग फिरवून बघावं लागायचं, आणि नणंद चारचौघांत माझी नक्कल करायची.

त्या डॉक्टरांनी वयामुळे दवाखाना बंद केला, म्हणून कुणीतरी जळगावच्या या बाई सुचवल्या. सासूला गुडघे दाखवायचे होते, तीही एसटीत शेजारी येऊन बसली. डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला वाकायला लावलं, मान वळवायला लावली, आणि विचारलं, "काकू, पडून राहिलं की जास्त दुखतं आणि कामाला लागलं की कमी होतं, असं आहे का?" माय, मला वाटलं, हिलाही तू गाठलंस! सासूच मागून म्हणाली, "हा, तसंच शे. पहिलापासून आयशी शे ती."

"आजी, हा आळस नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या आजाराची खूणच ही आहे. मणक्याचा संधिवात म्हणतात. साध्या पाठदुखीला आराम लागतो, याला आराम सोसत नाही. इतकी वर्षं कुणी दाखवलं कसं नाही?"

सासू चटकन म्हणाली, "मना काय दोष, डॉक्टरबाई? हिनी मायनीच सांगेल व्हतं, कामले लावा म्हनीसन." मी तिच्यावर तुटून पडायला तयार होऊन बसले होते. तिने हात झटकले आणि सगळा राग तुझ्या वाट्याला आला. सासू खोटं बोलली नव्हती ना.

औषधं सुरू झाली, पोटात टोचायची इंजेक्शनं सुरू झाली, व्यायाम सुरू झाले. काही महिन्यांनी एका सकाळी जाग आली आणि दुखत नव्हतं. नुसतं पडून राहता येतं, त्यात सुख असतं, हे मला माहीतच नव्हतं. मग यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला मी मुद्दाम माहेरी आले. तुझी घागर भरायची, खापरावर मांडे करायचे, तुझ्या नावाने विस्तवावर घासाची आगारी टाकायची. भावजय पहाटे हाक मारत आली, "अक्का, उठा ना, पुरन वाटनं शे." मी म्हटलं, "तुम्ही करा. मी आयशी शे." ऊन खिडकीतून आत आलं तरी लोळत राहिले. काहीही दुखत नव्हतं. मांड्यांचा वास येत होता, तुझा घास तयार होत होता आणि त्याला माझा हात लागला नाही. जेवताना सगळ्यांसमोर मी आजाराचं नाव सांगितलं, आणि तू ओतलेल्या पाण्याचंही सांगितलं. भाऊ ताटात बघत राहिला. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक मांडा मागून घेतला.

परवाच्या खेपेला डॉक्टरबाईंनी विचारलं, "काकू, हा आजार बरेचदा घराण्यात असतो. तुमच्या आईला असं काही होतं का?" आणि तू समोर उभी राहिलीस. सगळ्यांच्या आधी अंथरूण सोडणारी. दुपारी गल्लीतल्या बाया आडव्या व्हायच्या तेव्हा सूप घेऊन अंगणात उभी असणारी. लग्नाकार्यात कुणी पाट पुढे केला तरी न बसणारी. शेवटी शेवटी अशी वाकलेली की बोलताना तुला मान वर करून माझ्याकडे बघता यायचं नाही, आणि आम्ही म्हणायचो, कामाने वाकली. तुला एकच औषध सापडलं होतं, आणि तेच तू मला पाजत राहिलीस.

मी म्हटलं, "नाही. आई ठणठणीत होती."

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणून कबूल करते, मी खोटं बोलले. तूही आजारी होतीस असं ठरलं की तुझ्यावर रागावता येणार नाही, आणि माझं रागावून झालेलं नाही अजून.