रविवार उपासात धरत नाहीत

आई, आज मला तुझा राग आलाय. तुला जाऊन वीसएक वर्षं झाली. इतक्या वर्षांनी मेलेल्या माणसावर रागावणं म्हणजे भिंतीशी भांडणं आहे, हे मला कळतं. पण भांडायला दुसरं कुणी समोर नाही. नेरूळच्या एका मानसोपचार डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसले आहे. पर्समध्ये कालच्या उपासनेचे उरलेले पाठकोरे कागद होते, त्यांवर लिहिते आहे. आत माझ्या चर्चच्या मंडळीतली एक मुलगी बसली आहे. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, सहा वर्षांच्या लेकीची आई. पण पाळक झाल्यापासून मला सगळ्या मुलीच वाटतात. ती तुझ्या एका वाक्यामुळे पुन्हा आजारी पडली आहे. बोलले मी, पण वाक्य तुझं होतं.

लेंट लागला, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ सुरू झाला, की तू चहा सोडायचीस. बाबा म्हणायचे, उपास हिचा आणि शिक्षा आपल्याला. पहिला आठवडाभर तुझ्या वाऱ्याला उभं राहायची सोय नसायची. मी एकदा मोठ्या ऐटीत कारली सोडते म्हणाले, तेव्हा तू भाकरी थापता थापता वरही न बघता म्हणालीस, "कारली सोडण्यात कसला आलाय उपास? ज्याच्यावाचून आपलं पान हलत नाही ते देवापाशी ठेवायचं. आणि या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही." वाचलेली साखर आणि चहापूड तू एका डब्यात टाकायचीस आणि ईस्टरला तो डबा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेऊन द्यायचीस. आमच्या मंडळीत अजूनही ही रीत आहे. बायका घासूनपुसून डबे काढतात, कुणी साखर घालतं, कुणी तांदूळ, तरुण मुलं बाहेरच्या खाण्याचे वाचलेले पैसे घालतात. यंदा लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, प्रवचनात मी तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. माझी आई म्हणायची, असं म्हणून सांगितलं. लोकांना फार आवडलं. बाहेर पडताना दोघा-तिघांनी हात हातात घेऊन तसं म्हटलंही, आणि मी खूश होऊन घरी गेले.

या मुलीचं तुला सांगते. नवरा-बायको मूळचे मराठवाड्यातले. कामोठ्यात वन बीएचके आहे, नवरा द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी ती अशीच फार आनंदात आली होती. झोप नाही, भूक नाही, अखंड गाणी आणि अखंड बोलणं. मंडळीतल्या काहींना वाटलं, पवित्र आत्म्याने भरली. मला तसं वाटलं नाही, कारण मी मानसशास्त्र शिकले आहे, आणि तो आनंद ओसरल्यावर काय येतं ते मला ठाऊक होतं. ते आलंच. नवऱ्याने सुऱ्या आणि औषधं कुलपात ठेवली आणि महिनाभर रजा काढून तिच्या उशाशी बसला. तेव्हापासून ती या डॉक्टरांची गोळी रोज घेते आणि दर बुधवारी माझ्याकडे येऊन बोलते. ती सावरली, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला लागली. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली होती. प्रार्थना आणि औषध एका घरात नांदू शकतात, हे लोकांना दाखवायला माझ्याकडे ती एक होती.

शनिवारी सकाळी नवऱ्याचा फोन आला. "पास्टर, ती झोपतच नाय. मला खूप टेन्शन आलंय. काल भर दुपारी पोरीला घेऊन हायवेच्या कडेने कळंबोलीपर्यंत चालत गेली. अनवाणी. ट्रकवाल्याने थांबून मला फोन लावून दिला." मी विचारलं, गोळ्या? तो म्हणाला, "घेते ना. पाकिटं रिकामी होतात, मी स्वतः बघतो."

मी रिक्षाने कामोठ्याला गेले. दार तिनेच उघडलं. घर लखलखत होतं, स्वयंपाकघरातली सगळी भांडी खाली काढून घासून मांडली होती आणि पोर त्यांच्यामध्ये बसून चपाती खात होती. मी बोलायला लागले तशी ती हसली आणि फळीवरचा लेंटचा डबा काढून माझ्या हातात दिला. "बघा पास्टरताई, एक पण चुकवली नाही." डब्यात गोळ्या होत्या. रोज रात्री पाकिटातून काढून तिने डब्यात टाकलेली एकेक गोळी. "तुमीच बोललात ना, ज्याच्याशिवाय पान हलत नाही ते. साखरेशिवाय माझं हलतं."

मी तिथेच ओट्याला टेकून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर बाई शांत आहेत, बौद्ध घरातल्या, आमच्या उपासतापासावर कधी वावगं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, आज-उद्यात गोळी पोटात गेली पाहिजे, आणि सोमवारी मला ती समोर हवी. नाहीतर ॲडमिट करावं लागेल, आणि ती राजी नसेल तर तुम्हाला सगळ्यांना ते फार जड जाईल. मी फोन ठेवला आणि तिला म्हटलं, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं, औषधाचा उपास नसतो. तिने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "तेव्हा तुमी चुकीचं बोललात, तर आता बरोबर बोलताय कशावरून?" मग म्हणाली, "आणि मी तुमाला नाही दिला शब्द. देवाला दिलाय."

आई, समुपदेशनाच्या अभ्यासात आम्हाला शिकवलं होतं की समोरच्यावर आपलं वजन टाकायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्यायचा. पाळकाचं काम तर वजनावरच चालतं. रविवारी मी हात वर करून आशीर्वाद देते तेव्हा लोक मान खाली घालतात, ते काही माझ्या डिग्रीकडे बघून नव्हे. मला म्हणता आलं असतं की देव सांगतो, गोळी घे. तिने कदाचित घेतलीही असती. पण तिच्या कानात तेव्हा देवाचा आवाज आधीच फार मोठ्याने चालू होता, त्यात मी माझा आवाज मिसळायचा? आणि उद्या त्याच आवाजाने तिला दुसरं काही सांगितलं तर? मी तशीच परत आले. निघताना मी तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं, दाराला आतून कुलूप लाव आणि किल्ली खिशात ठेव, आणि हे सांगणारी मी पाळक म्हणून बोलले की समुपदेशक म्हणून, तेही मला माहीत नव्हतं.

सारसोळ्याची ती बाई आठवते का तुला? आपण नेरूळला नवीन आलो होतो. हॉस्पिटलातली बायबलबाईची, रुग्णांना बायबल वाचून दाखवायची, नोकरी सुटली तरी तुझं घरोघर जाणं सुटलं नव्हतं. तिचा मुलगा खाडीत बुडाला होता. तू गेलीस ती सरळ तिच्याशेजारी बसून बोंबील निवडायला लागलीस. मी कॉलेजात होते आणि मला बोलण्याची घाई होती. मी म्हणाले, यात देवाची काहीतरी योजना असेल. ती बाई माझ्याकडे न बघता तुला म्हणाली, "तुजा देव काय बोलतं ते मना नको सांगू, बाय. माज्या पोराचा नाव घे निस्ता." तू नाव घेतलंस. किती तरी वेळ नुसतं ते नावच घेत होतीस. परत येताना रस्त्यात तू मला झापलंस, "देवाची वकिली करायला तुला कुणी नेमलंय?" पुढे मी मानसशास्त्र घेतलं तेव्हा तू आठ दिवस धड बोलली नाहीस. "मनाचं डॉक्टर बघणार, मग प्रार्थना काय सुट्टीवर?" आणि नवव्या दिवशी माझ्यासाठी चपला आणल्यास, मऊ तळव्याच्या. दुसऱ्यांच्या घरी जायचं काम आहे, पाय दुखले की माणूस लवकर उठतो, म्हणालीस. असं दोन्हीकडून बोलायचीस तू. म्हणून तुझं नेमकं म्हणणं काय होतं ते मला अजून सापडत नाही, आणि मी तुझी वाक्यं प्रवचनात वापरते.

काल, रविवारी सकाळी, ही मुलगी उपासनेला आली. पांढरी साडी, पोरीच्या केसांत अबोली, डबा पिशवीत. मी वेदीपाशी उभी होते आणि माझं सगळं लक्ष तिसऱ्या ओळीत होतं. तोंडाने मी लेंटचा कितवा रविवार ते जाहीर करत होते, आणि ते म्हणता म्हणता मला तू चहा पिताना दिसलीस. लेंटमधल्या रविवारी. एक कप संपला की दुसरा. मी लहानपणी विचारलं होतं, उपास मोडला ना तुझा? आणि तू म्हणालीस, अगं, प्रभू रविवारी कबरेतून उठला, रविवार उपासात धरत नाहीत. हे मला पाठ आहे, मी ते परीक्षेत लिहिलं आहे, आणि शनिवारी त्या ओट्यापाशी ते मला आठवलं नाही.

उपासना संपल्यावर मी दोघांना मागच्या खोलीत नेलं. आम्ही शाळेचा हॉल भाड्याने घेतो. आठवडाभर मी त्याच खोलीत समुपदेशन करते, दोन खुर्च्या आणि एक टेबल. मी तिला एवढंच म्हटलं, लेंटच्या चाळीस दिवसांत रविवार येत नाहीत, रविवारी जे सोडलं असेल ते घ्यायचं असतं, ही आपल्या मंडळीची जुनी रीत आहे. तिने डोळे बारीक केले. "हे पण आत्ताच काढलंत का?" मी म्हटलं, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवस मोज. ती टेबलावर कॅलेंडर घेऊन बसली. मोजलं, परत मोजलं. सेहेचाळीस दिवस, सहा रविवार वगळले की चाळीसच. खोटं निघत नव्हतं. मग तिने डबा उघडला आणि झालेल्या रविवारांच्या गोळ्या बाजूला काढल्या, अगदी गंभीरपणे. "मग या देवाच्या नाहीत. चुकून गेल्या." आणि त्यातली एक तळहातावर घेतली. "आणि सोमवारी?" मी म्हटलं, सोमवारी डॉक्टरांना विचारू. "त्या कुठे ख्रिस्ती आहेत?" "नाहीत. त्यांना देवाबद्दल नाही विचारायचं. तू कशी दिसतेस ते विचारायचं."

आणि आज ती आली. दवाखान्याच्या दारात मला म्हणाली, "तुमी बाहेर बसा. तुमी आत असलात की मी तुमाला बरं वाटेल असंच बोलते." दोन वर्षं दर बुधवारी ती माझ्याशी बोलते आहे. त्यातलं किती मला बरं वाटावं म्हणून होतं, हा विचार मी इथे बसून करते आहे आणि तो थांबत नाही.

थोडा वेळ लिहायचं थांबले होते. दार उघडलं. नवरा आधी बाहेर आला, डोळे पुसत. मागून ती, हातात चिठ्ठी. माझ्याकडे बघून म्हणाली, "डॉक्टर बोलल्या, रोज घ्यायची. मी बोलले, ठीक आहे, मग ईस्टरपर्यंत मी रोज रविवारच धरते." आणि हसली. ते हसणं तिचं होतं की आजाराचं, मला सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, आठवडाभरात कळेल, नवऱ्याने रजा घ्यावी, तिला एकटं सोडू नये. दोघं आता खाली केमिस्टकडे गेली आहेत. मीही जाते. हे कागद कुणाला द्यायचे नाहीत, पर्समध्येच राहतील.

एक मात्र तुला सांगायला हवं. काल तिने गोळी तोंडात टाकली तेव्हा मी प्रार्थना केली. त्या दोघांचे डोळे मिटलेले होते, माझे उघडे होते. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. देवाचे आभार मानत होते, आणि गोळी खाली जाईपर्यंत वाक्य लांबवत होते. गळा हलला तेव्हा आमेन म्हटलं. माझा देवावर विश्वास नव्हता असं नाही, आई. तिच्यावर नव्हता.